सोनीचं वांदर

५ जानेवारी, सोमवार

आमच्या सुपरवायझर मॅडमचा मेसेज आला. सगळ्या सेविकांनी 'घरच्या घरी अक्षरओळख' असा व्हिडिओ करून वीस तारखेच्या आत ग्रुपवर टाकायचा. विषय प्राणीसंग्रहालय. तीन मिनिटं. मूल दिसलं पाहिजे, आईचा नुसता आवाज चालेल. खाली ठळक अक्षरांत: 'अक्षरं घोकून घेऊ नका, शब्दातला पहिला आवाज ओळखायला शिकवा.'

आमच्या पाड्यावर प्राणीसंग्रहालय कोणी बघितलंय? मी एकदा, बारावीच्या सहलीत. पाणघोडा पाण्यात होता, नुसती पाठ दिसली.

तनूलाच घेऊन करीन. साडेपाच पूर्ण, जूनमध्ये पहिलीत. अंगणवाडी सेविकेची पोर म्हटल्यावर लोक बघणारच. ह्यांना फोन करून जव्हारच्या बाजारातून प्राण्यांची कार्डं आणायला सांगितली. आश्रमशाळेच्या ऑफिसात असल्यामुळे आठवडाभर तिकडेच असतात, माझी सगळी खरेदी शनिवारवर.

११ जानेवारी, रविवार

कार्डं छान आहेत. वर चित्र, बाजूला मोठं अक्षर. हत्ती, सिंह, वाघ, उंट, गेंडा, कांगारू, पाणघोडा, मगर, माकड वगैरे, एकूण अकरा. सकाळभर बसून चपलांच्या खोक्यांचे पिंजरे केले. पुढून कागदाच्या पट्ट्या गजांसारख्या, वर अक्षर. ज्या आवाजाने नाव सुरू होतं त्या पिंजऱ्यात तो प्राणी जायचा. तनूने खळ लावली, निम्मी केसांना.

सासूबाई भाकऱ्या थापता थापता बघत होत्या. "एवढी जनावरं कोंडून काय करनार?" म्हणाल्या.

तनू हसली. मीही. दिवस चांगला गेला.

१३ जानेवारी, मंगळवार

अंगणवाडीत पिंजरे नेले. चौदा मुलं. पहिला गोंधळ वाघाचा. वाघाला खोक्यात टाकायला कोणी तयार होईना. जानीची सोनी म्हणाली, "देव हाय तो." मग वाघ खिडकीत ठेवला.

सोनीला एरवी बोलतं करावं लागतं, आज आपणहून पुढे आली. माकडाचं कार्ड उचललं, बराच वेळ ओठ हलवत राहिली आणि 'व'च्या पिंजऱ्यात टाकलं. मी म्हटलं, "चूक. परत बघ." तिने परत ओठ हलवले, परत 'व' दाखवला. मी कार्ड काढून 'म'मध्ये टाकलं. "मा-कड. म. म्हण." म्हणाली. जागेवर जाऊन बसली.

घरी येताना पऱ्ह्याच्या पाण्यात पाय घातला तेव्हा कळलं. ती वांदर म्हणत होती. तिच्या घरात वांदरच म्हणतात. वांदरचा पहिला आवाज व. तिचं बरोबर होतं. चौदा मुलांत एकटीने आवाज ऐकून पिंजरा शोधला आणि मी तिला चूक ठरवलं.

मीही वांदरच म्हणायचे. दुसरीत गुरुजींनी चित्र दाखवलं, मी ओरडले 'वांदर', आणि अख्खा वर्ग हसला. त्यानंतर घरी आई बोलताना चुकली की मी तिला सुधारायचे. ती बिचारी 'माकड, माकड' म्हणायची.

उद्या सोनीला सांगीन.

१५ जानेवारी, गुरुवार

काल सांगायचं राहिलं. वजनं घ्यायची होती.

पण तनू! आज कार्डांवरची चित्रं कागदाने झाकली, नुसतं अक्षर उघडं ठेवलं. एकामागून एक अकरा कार्डं धडाधड सांगितली. ग. क. ह. उ. मी परत पिसून दिली, परत सगळी बरोबर. चार दिवसांत! ह्यांना फोन केला तर म्हणाले, "आईवर गेली." मला हसू आवरेना.

१७ जानेवारी, शनिवार

लिहावंसं वाटत नाही पण लिहिते.

दुपारी पाटीवर 'ग' काढला आणि तनूला विचारलं. ती बघत राहिली. 'ह' काढला. नाही. 'उ'. नाही. मला वाटलं मस्ती करतेय. ओरडले. तर म्हणाली, "पण यावर तेल नाहीये ना."

कार्डं आणून दाखवली तिने. ग-च्या कोपऱ्यात तेलाचा डाग. क दुमडलेला. ह-वर खळ सांडलेली. उ-ची कड तिने स्वतः चावलेली. अकराच्या अकरा कार्डांची अशी एकेक खूण. अक्षर एकही नाही.

एवढ्या खुणा लक्षात ठेवणारी पोर मठ्ठ नाही, हे आता लिहिताना सुचतंय. दुपारी नाही सुचलं. दुपारी मी म्हटलं, "मग एवढे दिवस मला फसवत होतीस?" रडायला लागली. फसवणं म्हणजे काय ते तिला माहीतही नसेल.

हे आले तेव्हा विचारलं, "व्हिडिओ झाला का?" म्हटलं, होईल.

१९ जानेवारी, सोमवार

झाला.

दोन दिवस पिठाच्या ताटात बोट धरून गिरवून घेतलं. आज येतं, तासाने जातं. मुलांचं असंच असतं, दुसऱ्यांच्या आयांना मी हेच सांगते. पण उद्या वीस.

मी फोन धरून समोर बसले होते, ती पिंजऱ्यांमागे. 'म' आला आणि ती गप्प. माझ्या तोंडाकडे बघायला लागली. माझे ओठ आपोआप मिटले. ती म्हणाली, "म." मग 'उ'. ओठांचा चंबू. "उ." बरोबर. आपोआप फक्त पहिल्यांदा झालं. नंतर मी ठरवून केलं, हे इथे तरी लिहायला हवं. प-लाही ओठ मिटतात, ती म-शी घोटाळा करते म्हणून पाणघोडा बाजूला ठेवला. ग, क आणि ह घशातच राहतात, बाहेरून दिसत नाहीत. तीही कार्डं काढली. उरली सात. सातांचा व्हिडिओ केला. चार वेळा.

तनूला खेळ वाटला. "अजून एकदा करूया?" म्हणत होती.

साडेसहाला टाकला.

२२ जानेवारी, गुरुवार

मॅडमनी सगळ्या अंगणवाड्यांना पाठवला. 'मंगलताईंचा आदर्श व्हिडिओ. पालकांना जरूर दाखवा. साधनं साधी, परिणाम बघा.' खाली अंगठे आणि फुलं. मोखाड्याकडच्या ज्या सेविका मला ओळखही देत नाहीत त्यांचेसुद्धा मेसेज. ह्यांनी ऑफिसात सगळ्यांना दाखवला.

सगळ्यांना 'धन्यवाद' लिहिलं. प्रत्येकीला वेगळं.

पाड्यावरच्या आयांना मदतनीसच फोनवर दाखवत होती. जानीने दोनदा बघितला. सोनी तिच्या कडेवर. जानी म्हणाली, "कशी फाडफाड बोलते!" मी म्हटलं, रोज सराव घेतला की येतं. हे वाक्य तोंडातून कसं निघालं?

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनानंतर खोडाळ्याला पालक मेळावा. आपल्याही पाड्यावरून जीप भरून बायका. मॅडमनी आधी व्हिडिओ लावला आणि मग माइकवर, "आपल्यात ही छोटी बसलीच आहे, तिच्याकडूनच ऐकूया." मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय म्हटलं असतं?

तनूला खुर्चीवर उभं केलं. मॅडमची कार्डं मोठी, कोरी करकरीत. मी पहिल्या रांगेत. पहिलं कार्ड वर गेलं आणि तनूने कार्डाकडे बघितलंच नाही, थेट माझ्याकडे.

मान खाली घालता आली असती. पदर सारखा करायच्या निमित्ताने तोंड फिरवता आलं असतं. मी ओठ हलवले. सहा अक्षरं. टाळ्या. मॅडमनी तनूला पेन्सिलींचा डबा दिला.

जीपमध्ये सा.बाई शेजारी. घरी आल्यावर चुलीपुढे बसून म्हणाल्या, "माला वाचता येत नाय, मंगल. पन तुजं तोंड दिसत होतं."

तनूने डबा उशाशी घेतलाय.

२८ जानेवारी, बुधवार

सोनी काल आली नाही. आज आली तर उजव्या गालावर बोटं उठलेली. विचारलं तर माझ्याकडे पाठ फिरवली.

दुपारी हातपंपावर जानी भेटली. मी विचारायच्या आत तीच म्हणाली, "मारली तिला. सांच्याला चित्र दाखवलं, कॅलेंडरवरचं, म्हटलं तनूवाणी बोल. बोलतच नाय. नुस्ती बघते." हंडा भरत होती, माझ्याकडे न बघता. "मी हिच्यासाठी राहिले ना ताय. मालक तिकडं वीटभट्टीवर एकटा हाताने भाकरी थापतो. म्हटलं एक साल पोरीचं नीट होऊ दे. पन हिच्या डोक्यात नाय शिरत. तुमच्या पोरीची गोष्ट येगळी."

मी म्हटलं, "मारू नकोस गं."

एवढंच म्हटलं. तिथे पंपावर अजून दोघी उभ्या होत्या म्हणून, असं मी मला सांगतेय. त्या नसत्या तरी सांगितलं नसतं.

४ फेब्रुवारी, बुधवार

ठरवून जानीकडे गेले. तिने लगेच चूल पेटवली, कोरा चहा. घरात दूध नाही म्हणून तीच शरमत होती. माझ्यापुढे.

सोनी दाराआड. मी माकडाचं कार्ड नेलं होतं. तिच्यासमोर धरलं आणि मीच म्हटलं, "हे काय गं? वांदर ना?"

सोनीने आईकडे बघितलं. मग अगदी हळू, "माकड."

"वांदरपण बरोबर आहे. वांदर म्हटलं तर व."

"माकड," ती परत म्हणाली. आणि जानी खूश. "बघा, तुमच्यापुढे बोलते."

चहा प्यायले. तनूबद्दल सांगायला गेले होते, ते सांगितलं नाही. पहिल्या दिवशी ही पोर चौदाजणांत पुढे आली होती. आता अंगणवाडीत खिडकीखाली बसते, खिचडी खाते, जाते. मीच शिकवलंय हे तिला.

३ मार्च, मंगळवार

महिनाभर काही लिहिलं नाही. लिहिलं की वाचावं लागतं.

शिमगा. भट्टीवरची माणसं सणाला आलीत, पाड्यावर गजबज. जानीचा नवरा रघू पण आलाय. होळीपाशी सगळे नाचत होते, सोनी बापाच्या खांद्यावर, डोक्याला हात घट्ट धरून. किती दिवसांनी हसताना बघितली.

जानी माझ्याजवळ आली. म्हणाली, "ताय, आमी तिघं जातू आता. शुक्रवारी."

"सोनी? जूनला शाळा आहे तिची."

"काय करायची शाळा? पन्नास पोरांत बसून हिला काय येनार? तुमी एवढं शिकवता तरी येत नाय. तिथं आमच्या डोळ्यापुढं तरी राहील."

ढोलाचा आवाज मोठा होता. मी तिच्या कानाजवळ जाऊन ओरडून म्हटलं, "नको नेऊस." ती हसली. तिला वाटलं मी मायेने म्हणतेय.

६ मार्च, शुक्रवार

गेली.

सकाळी सातची जीप. मी पाचपासून जागी. ठरवलं होतं, जीपपाशीच सांगायचं. गेलेही. गोणी, पातेली, कोंबडी बांधलेली. रघू सामान टपावर चढवत होता. जानीने हात जोडले मला. "तुमी लय केलं ताय."

मी म्हटलं, "नीट जा."

सोनी मागच्या सीटवर मधोमध बसली होती. तिने हात नाही केला.

मी अंगणवाडीत गेले आणि नेहमीची प्रार्थना घेतली.

८ मार्च, रविवार

ह्यांना सगळं सांगितलं. ओठांचं, मेळाव्याचं, जानीचं. हे अंगणात गाडी धूत होते. फडकं तसंच हातात.

"मी अख्ख्या ऑफिसला दाखवला तो व्हिडिओ," म्हणाले.

"माहीत आहे."

"हेडमास्तरांनी तनूसाठी चॉकलेट दिलं होतं."

"माहीत आहे."

मग चिडले. आता कोणाला सांगायची काय गरज, भट्टीवर सगळेच जातात, तुझ्या व्हिडिओमुळे कोणी जात नाही, जूनला येतील परत. हे सगळं खरं असू शकतं. मी म्हटलं, तिने स्वतः सांगितलंय मला का नेतेय ते. ह्यांनी फडकं पिळलं.

सा.बाई ओट्यावरून म्हणाल्या, "तिला गाडीवर घेऊन जा. नायतर ही अशीच बसंल."

१५ मार्च, रविवार

गेलो. वाड्याच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत. विचारत विचारत भट्टी सापडली. ऊन मी म्हणत होतं. मोकळ्या रानात कच्च्या विटांच्या रांगा, आणि सोनी एकेक वीट उलटवत होती. वाळायला. दोन्ही हातांनी धरून, जपून, जोराने टाकली तर मोडते म्हणून. मला बघून उभी राहिली आणि झोपडीच्या मागे गेली.

जानी साच्यात चिखल दाबत होती. "ताय! काय झालं? कोनी गेलं का?"

"कोणी नाही गेलं. तुला सांगायचंय. तो व्हिडिओ खोटा होता."

"म्हंजे?"

"तनूला वाचता येत नाही. मी समोरून ओठ हलवून दाखवत होते, ती ते बघून बोलत होती."

"सगळं?"

"सगळं."

"आन् खोडाळ्याला?"

"तेव्हाही."

तिने हातातला साचा उपडा केला. वीट नीट उतरली. दुसरा गोळा घेतला, भरला, तीही वीट काढली.

"मी मारलं हिला," म्हणाली. "तीनदा. तुमच्या पोरीवाणी बोल म्हून मारलं."

मी सोनीच्या वांदराचंही सांगितलं. तिचं बरोबर होतं, मी चूक म्हटलं, घरी जाताना मला कळलं तरी मी दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही.

"त्याच दिशी कळलं होतं?"

"हो."

"आन् तुमी माझ्या घरी येऊन चहा प्यालात."

हो म्हटलं.

तिचा आवाज चढला नाही. चढायला हवा होता. "तुमी आमच्यातल्याच ना ताय? तुमची आय माझ्या आयसंगं भाताच्या आवणीला होती. तुमी बोललात तर आमी खरंच धरनार. दुसरं कोन हाय आमाला?"

रघू येऊन उभा राहिला होता. ह्यांनी त्याला विचारलं, सोनीला परत पाठवता येईल का, पाड्यावर आजी आहे, आम्हीही आहोत. रघू म्हणाला, "आता मधीच कशी पाठवू? जूनला बघू." जानी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. नवीन कार्डं नेली होती, ती विटांवर ठेवली. कोणी उचलली नाहीत. चहाला विचारलं नाही, आणि ते बरंच झालं.

निघताना मी झोपडीमागे गेले. सोनी भिंतीला टेकून पायाने माती उकरत होती. मी म्हटलं, "सोनी, त्या दिवशी तू बरोबर होतीस. बाई चुकली." तिने वर बघितलं. चेहरा वाचता आला नाही मला. मग तिने विचारलं, "कंच्या दिशी?"

तिच्या लक्षातही नाही. फक्त बोलायचं नाही एवढं लक्षात राहिलंय.



१७ मार्च, मंगळवार

अंगणवाडीत आयांना बोलावलं. नऊ आल्या. व्हिडिओ परत लावला आणि सांगितलं. कसा केला, का केला, ग, क आणि ह का काढले ते सुद्धा.

मग एक जण फस्सकन हसली आणि पदर तोंडावर घेतला. दुसरी म्हणाली, "आमी पन मारलं आमच्याला." तिसरी, सगळ्यांत लहान, पहिल्यांदाच आई झालेली, म्हणाली, "मग ताय, आमच्या पोरांना येनार का नाय?"

येणार म्हटलं. घाई नको, मारणं नको. घरी जे नाव आहे तेच घ्या. त्या प्राण्याला तुम्ही काय म्हणता ते मला सांगा, मी तसा पिंजरा लिहीन. मग हळूहळू एकेकीने सांगितलं. उंट आणि गेंड्याला कोणाकडेच नाव नव्हतं, त्यावर बऱ्याच हसल्या. जरा मोकळं वाटलं.

घरी आले तर तनू पेन्सिलींचा डबा घेऊन कोपऱ्यात. मघाशी ती अंगणवाडीच्या दाराशीच उभी होती हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"तू सगळ्यांना का सांगितलंस?"

"खोटं बोलले होते ना मी."

"पण मला येत नाही ते का सांगितलंस?"

खरंच. माझं ओझं उतरवायला मी तिला नऊ बायांपुढे उभं केलं. तिला विचारलंही नाही. त्याही वेळी नव्हतं, याही वेळी नाही.

डबा परत द्यायचा म्हणाली. मी म्हटलं, राहू दे. म्हणाली, नको.

१८ मार्च, बुधवार

मॅडमना लांब मेसेज लिहिला. व्हिडिओ काढून टाका, बाकीच्या सेविकांनाही खरं कळवा, माझ्यावर जी कारवाई असेल ती करा. तीन वेळा लिहिला, तीन वेळा खोडला. चौथ्यांदा पाठवला. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही.

२३ मार्च, सोमवार

मॅडमचा फोन, पाच दिवसांनी. आवाज गोडच.

"मंगलताई, फार मनाला लावून घेता तुम्ही. मुलांना थोडं सांगावंच लागतं. सगळेच सांगतात."

मी म्हटलं, थोडं नव्हतं मॅडम.

"बरं, ते नंतर बोलू. उद्या ठाण्याहून पाहुणे येताहेत. तोच व्हिडिओ बघून येताहेत, तुमच्याच अंगणवाडीत. अकरा वाजता. तेवढं तनूकडून करून घ्या. मग तो व्हिडिओ आपण हळूच काढू."

मी म्हटलं, मी करून घेणार नाही. निदान तसं म्हणाले असं मला वाटतंय. तिकडून, "हॅलो? रेंज नाही का? उद्या भेटूच," आणि फोन बंद. टेकडीवर जाऊन परत लावला. उचलला नाही. जानीलाही लावला. बंद. आठवडाभर बंदच आहे.

संध्याकाळी तनूला अंगणात घेऊन बसले. या वेळी आधी विचारलं. म्हटलं, उद्या लोक येणार आहेत, तुला वाचायला सांगतील. यायचं नसेल तर आजीजवळ राहा.

तिने विचार केला. "मला आता चार येतात. खरे."

खरंच चार येतात. पाटीवर, कुठेही.

"पाचवं विचारलं तर?"

"येत नाही म्हणायचं."

"मॅडम रागावतील?"

"बहुतेक."

"तू कुठे बसशील?"

"मागे. सगळ्यांच्या मागे. म्हणजे तुला माझं तोंड दिसणार नाही."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "नको. पुढेच बस. पण खाली बघ."

हो म्हटलंय. सकाळी लवकर जाऊन अंगणवाडी झाडायला हवी.